घायपाताची खाज

पलटणीतून पेन्शनीत आल्यापासून केरूचे हात नुसते खाजत होते. रहिमतपूरशेजारच्या त्याच्या गावात बाप घायपात ओढ्यात कुजवायचा, बडवून वाख काढायचा आणि गावच्या बैलांना कासरे वळून द्यायचा. पाताच्या चिकानं कोपरापर्यंत आग व्हायची. ती आग नको म्हणून केरू मिसरूड फुटायच्या आत भरती झाला आणि ऑफिसर मेसच्या बारमागं दारू मिसळून द्यायला उभा राहिला, तो केस पिकेपर्यंत. आता बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर गावात आला, तर जो तो विचारी, बापावाणी कासरे कवा देतोस? केरू ना पारावर टिके, ना घरात. तांब्यात खडे घालून मेसमधल्या बर्फाच्या डब्यासारखा तो कानाशी हलवीत बसायचा. बायको येसूबाई म्हणायची, बरा माणूस दिला हुता पलटणीला.

अशात साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसवरून सांगावा आला. मशिनरी बसवायला मेक्सिकोहून पाव्हणा आला होता. दारूच्या दोन बाटल्या होत्या, परमिट होतं, मिसळून देणारा हात तेवढा नव्हता. तिथला कारभारी लालासाहेब म्हणाला, पाव्हणा खूश झाला तर कायमची नोकरी.

पहिली बाटली केरूच्या ओळखीची. हिरवी, कुठल्या मठातल्या साधूंनी शेकड्यानं पाला घालून केलेली. दुसरीवर चित्र होतं घायपाताचं. बूच काढून हुंगलं, घायपाताचीच दारू. ज्याला भिऊन पंजाबापर्यंत पळाला, ते टेबलावर येऊन बसलं होतं.

जन्मात त्यानं थेंब चाखला नव्हता. सगळा कारभार नाकावर आणि पिणाऱ्याच्या तोंडावर. मेसमध्ये ही हिरवी जिनमध्ये जायची, वर लिंबू. आता जिनच्या जागी घायपात. ते जात्याच तिखट. म्हणून लिंबू वाढवलं, हिरवीला हात आखडता घेतला. कराडहून भुशात आणलेला बर्फ आपल्या फिरकीच्या झाकणाच्या डब्यात घातला आणि बाहेरून दव धरेपर्यंत हलवला. कितीतरी महिन्यांनी हात शांत झाले.

ग्लासांच्या काठाला लिंबू फिरवून मीठ लावलं, डबा उचलून वळला, तर लालासाहेब खांद्यावरच्या पंच्यानं काठ पुसत होता.

"खरकटं ग्लास पाव्हण्याम्होरं ठिवतोस? कारखान्याची अब्रू हाय का न्हाई रं?"

पाव्हणा दारात उभा. पुन्हा मीठ लावायला सवड नव्हती. केरूनं ओतलं, चिमूट उचलली आणि पाव्हण्याला हात पुढं करायची खूण केली. चिंचा खाताना पोरं घेतात तसं अंगठ्याच्या खोबणीत मीठ ठेवलं. पाव्हणा खदखदून हसला. मीठ चाटलं, ग्लास रिता केला आणि केरूचा हात धरला तो सोडीचना. त्याच्या मुलखात असंच पितात म्हणे.

पाव्हणा आत गेल्यावर लालासाहेब म्हणाला, "सोमवारपासनं ये. आन येताना दोन कासरं वळून आन. तुमच्या घरचं दोर लय टिकत्यात."

केरू डबा पुसत राहिला. मग म्हणाला, "कासरं बाजारात मिळत्यात, लालासाहेब. मी डबा घिऊन येतो."

लालासाहेबानं पंचा झटकला. "सोमवारी बघू," म्हणाला.

घरी येसूबाईनं विचारलं, लागली का नोकरी?

"सोमवारी कळंल," केरू म्हणाला, आणि खडे घातलेला तांब्या पुन्हा कानाशी नेला.