पहिलं पोतं

"बाजू कुठली, आणि मिनिटं किती?"

पेनाचं टोपण दातांत धरून काका हे दोनच प्रश्न विचारायचे. कांदिवलीत आमच्या रेशन ऑफिसच्या दारात, भिंतीला टेकवलेल्या तीन पायांच्या टेबलाशी ते बसत. सकाळी रेशनकार्डांचे अर्ज, दुपारी पुढाऱ्यांची भाषणं. मी आत कारकून, ते बाहेर. पण ऑफिसची निम्मी अक्कल बाहेर बसते, असं आमचे साहेबच म्हणत.

मूळचे मालवणकडचे. गिरण्यांच्या संपात नोकरी गेली, वळणदार अक्षर तेवढं हातात उरलं. कार्बनपेपर पार पांढरा पडेपर्यंत वापरायचे. "बघ, अजून शाई आसा रे झिला," म्हणत तो माझ्या नाकाला लावायचे. मग मी दिवसभर जांभळं नाक घेऊन लोकांची कार्डं तपासायचो, आणि दाराबाहेर काका खूश!

ऑफिसमागच्या वस्तीत एक बालवाडी होती. तिथल्या पोरांना वॉर्डाच्या निधीतून रोज खिचडी मिळे. एका वर्षी निधी आटला आणि वाद पेटला. आमच्या भागात पुढारी दोन. एक जाडे, एक बारके; आपण त्यांना तसंच म्हणू. जाड्यांचं म्हणणं, फुकटच्या खिचडीनं गरीब आळशी होतात, बंद करा. बारक्यांचं म्हणणं, नुसती खिचडी हा गरिबांचा अपमान, पूर्ण जेवण द्या नाहीतर बंद करा. पूर्ण जेवण कोण देणार, हे मात्र ते सांगत नसत. म्हणजे भांडण कडाक्याचं, आणि खिचडी दोन्हीकडून बंद.

भाषणं लिहून घ्यायला दोघेही काकांकडेच. जाडे सोमवारी आले, बारके मंगळवारी. एकमेकांना पत्ता नाही.

"काका, तुमची स्वतःची बाजू कुठली हो?" मी छेडलं.

"माका कोण मिनिटां देता?"

पण त्या दिवशी ते मला बालवाडीत घेऊन गेले. एक चिमुरडी अर्धी खिचडी खाऊन उरलेली फ्रॉकच्या ओच्यात ओतत होती. चांगली वाफाळती.

"गो बाय, भाजतला ना!" काका धावले.

"भाऊ हाय घरी," ती म्हणाली.

काकांनी पिशवीतून आपला डबा काढला, आतली भाकरी हातात घेतली आणि रिकामा डबा तिच्यासमोर धरला. परतताना ती भाकरी कोरडीच चावत राहिले.

खिचडीच्या वादावर वॉर्डात सभा ठरली, दोघेही पुढारी बोलणार होते. सभेला वस्तीतल्या बायका आणि पोरं पहिल्या रांगेत होती. काकांनीच आणून बसवली होती. जाडे उठले. आता पुढाऱ्यांची रीत तुम्हीही पाहिलीच असेल: भाषण आधी वाचून येणं म्हणजे कमीपणा. तीन पानं त्यांनी खिचडीचा यथेच्छ उद्धार केला. चौथं पान उलटलं.

"पण," जाडे गरजले, "भुकेल्या पोरापुढे माझं भाषण कसलं? खिचडी बंद होणार नाही! निधी येईपर्यंत पहिलं पोतं माझ्या घरून!"

आपण काय बोललो हे जाड्यांना सगळ्यांत शेवटी ऐकू आलं. तोवर बायकांनी टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला होता. जाडे हसले. दुसरं काय करणार?

बारके अजून नाक्यावर पानवाल्यापाशी उभे होते. विरोधकाचं भाषण संपल्याशिवाय मंडपात पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नेम. टाळ्या आपल्याच स्वागताच्या समजून ते आत आले, हार घालून घेतला, तीन पानं गरिबांच्या अपमानावर गहिवरले आणि चौथं उलटलं.

"पण भुकेल्या पोरापुढे..."

पुढचं पहिल्या रांगेतली पोरंच त्यांच्याबरोबर ओरडली, "पहिलं पोतं माझ्या घरून!"

दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या दारात दोन पोती तांदूळ. दोन्ही पहिलीच.

आणि त्याच दुपारी, आयुष्यात प्रथमच, दोघे पुढारी एकत्र आले. काकांच्या टेबलावर त्यांनी आपापलं चौथं पान आपटलं. अक्षर न् अक्षर सारखं. एक निळ्या शाईत, दुसरं जांभळ्या कार्बनमध्ये.

"फसवलंत आम्हाला!" जाडे कडाडले.

"ते राहू द्या," बारक्यांनी आपलं जांभळं पान नाचवलं. "याला ओरिजिनल, आणि मला कार्बन?"

"साहेब, दाबून लिहिलंय," काका शांतपणे म्हणाले. "दोघांनाही जोर सारखाच."

खिचडी चालू राहिली. शब्द मागे घेणार कसा? पोरांना पाठ झाला होता. पण काकांची भाषणं मात्र संपली. नुसत्या अर्जांवर मुंबईत भागेना. वर्षभरात ते गावाला निघाले. टेबल चहावाल्याला दिलं आणि माझ्या हातात एक पाकीट ठेवलं.

"ह्या ठेव रे झिला. माझ्याकडे हरवतला."

ते गेल्यावर उघडलं. आत एक कार्बनपेपर होता. गडद, करकरीत, एकदाच वापरलेला. कार्बन पांढरा पडेपर्यंत न सोडणारा हा माणूस!

मी तो ऑफिसच्या खिडकीत धरला. त्यावर एकाच पानाच्या ओळी उमटल्या होत्या. सुरुवातीच्या 'पण'वर पेन इतकं दाबलं गेलं होतं, की तेवढ्या जागी शाई पार झिजून आरपार उजेड येत होता.