आंब्याखालचा देव अन् माहा अंगठा

किस्से म्हंजे उन्हात वायत टाकेल कच्च्या विटा असतात बाप्पा. एक उचलाले जावं, त दुसरी बाजूची हातात येते! मोर्णेच्या काठी, अकोल्याच्या जुन्या शहराखाली, म्या विटा थापल्या. म्हून माह्यापाशी विटायचेच किस्से. महाल-माड्यायचे किस्से माडीवाल्यायले इचारा.

तवा तिकडं अमेरिकेत कुठीतरी लढाई लागली होती. तिकडचे लोकं मरून रायले होते, अन् इकडं आमच्या कापसाचं सोनं होऊन रायलं होतं! ज्याले त्याले पक्क्या विटाची माडी पायजे. वरून रेल येणार, त टेशनाले विटा. आमचा ठेकेदार किसनशेट म्हणे, "थापा वं बायायहो, हात भरभर चालवा!"

विटा भाजाले लाकूड लागते. नदीकाठच्या बाभळी गेल्या, निंब गेले, चिचा गेल्या. राह्यला एक आंबा. त्याच्या फांद्यायले आमच्या लेकरायच्या झोळ्या. माही चंद्री सहा महिन्याची, भट्ट्याच्या धुरानं खोकू खोकू निळी पडे. त्या सावलीतच तिचा डोळा लागे. उन्हात टाकली असती त वाचली नसती. तो आंबा म्हंजे आमची दुसरी मायच!

*

सुखदेव पाटलाचं नदीकाठी मळईचं वावर होतं, लोण्यावानी माती. किसनशेटनं गोड बोलून ती मातीच विकत घेतली. त्याच मातीच्या विटायनं पाटलाची दोन मजली माडी झाली. अन् वावराच्या जागी गड्डा! म्हशी डुंबाले लागल्या.

पेरणीले पाटील तिफन घेऊन आले. गड्ड्याच्या काठावर उभे.

"गिरजे, माहं वावर कुठी गेलं वं?"

म्या म्हटलं, "दादाजी, माडीवर चढा. चारी भितीनं उभं हाय!"

पाटील चिडले. पण दुसऱ्या दिशी पाह्यलं त काय, माडीच्या भितीवरून हात फिरवून रायले होते. मंग मले हासू आलं नाई.

*

राधा माळीण भट्ट्याच्या बाजूले भाजीपाला लावे. वारा फिरला का सारी राख तिच्या वांग्यायवर. एक दिस टोपलं घेऊन आली, वांगे कायेकुट्ट.

"शेटजी, हे पाहा तुमचा धूर! कोण घेईन?"

किसनशेट म्हणे, "धू न् इक."

म्या तिच्या कानात सांगतलं. राधा बजारात बसली अन् वरडली, "भरताचे वांगे घ्या हो! अर्धे भाजूनच आणले!"

टोपलं खाली झालं बाप्पा! पण आंब्याखाली आली, अन् पदर तोंडाले लावून खोकलीच किती वेळ.

*

आमच्यात रिवाज होता. वीट थापली का ओल्यातच अंगठा दाबाचा, म्हंजे कोणाची वीट हाय ते समजे. माहा उजवा अंगठा वाकडा, कापसाची पऱ्हाटी कापता कापता विळ्यानं अर्धा नेलेला. त्याची खूण दुरून वळखू ये.

रेलचा साहेब विटा पाहाले आला. वाकड्या खुणेवर काडी ठेवून इचारे, "ये क्या?"

किसनशेटले घाम! म्हणे, "साहेब, ये मजबूती का निशान!"

साहेब खूश. "सब पर लगाओ!"

मंग काय, साऱ्यायच्या विटावर माहाच अंगठा! चार दिसात गाजरावानी सुजला. म्या बायायले म्हटलं, "लक्षात ठेवजा वं, साहेबाचं टेशन माह्या अंगठ्याखाली हाय!"

*

मंग एक दिस भट्टा रचून तयार, अन् लाकूड कमी. किसनशेट म्हणे, "उद्या आंबा तोडा."

बाया रडाले लागल्या. म्या रडली नाई. एक वीट घेतली, शेंदूर फासला, लिंबू ठेवला, अन् आंब्याच्या बुडाशी देव बसवला. सकाळी कुऱ्हाडीवाले आले अन् देवापुढं आडवे पडले. किसनशेटनंबी नाक घासलं!

पण घाईत गलती झाली. वीट कच्ची होती! भट्टा लाकडावाचून तसाच, अन् आठ दिसानं अवकाळी पाऊस आला. आमच्या वायत टाकेल विटायचा चिखल झाला, अन् देवाचाबी!

किसनशेट धावत आला, मांगं कुऱ्हाडीवाले. "देव कुठी गेला वं?"

साऱ्या बाया माह्याकडं पाहाले लागल्या.

म्या म्हटलं, "शेटजी, कुऱ्हाडी पाहून उठला असन. तुमच्या भट्ट्यात जाऊन बसला!"

भट्टा पेटवणारा बुधा, त्यानं हातातला टेंभाच फेकून देल्ला. "म्या नाई पेटवत! देवाले आग कोण लावन?"

तिकडं साहेब विटायसाठी खोळंबून. किसनशेट रडकुंडीले आला. "गिरजे, आता कसं करू वं?"

"देवाले वाजत-गाजत झाडाखाली बोलवा. अन् झाडाले हात लावत नाई म्हून शपथ घ्या."

डफडं आलं, नारळ आलं. शेटाणीनं आंब्याची ओटी भरली. साऱ्या गावादेखत किसनशेटनं शपथ घेतली, भट्टा पऱ्हाट्यावरच पेटन म्हून. मंग देव बसवाले वाकला अन् हातात वीट घेतली. कच्ची!

माह्या तोंडातून निंघूनच गेलं, "शेटजी, ह्या वेळी पक्की घ्या!"

बायायनं पदर तोंडात कोंबले. बुधा पाठ फिरवून उभा, खांदे हालून रायले. किसनशेटनं माह्याकडं पाह्यलं, हातातल्या कच्च्या विटेकडं पाह्यलं. मंग गेला, अन् टेशनासाठी ठेवलेल्या ढिगातून पक्की वीट घेऊन आला.

*

परवा चंद्री मले तिथी घेऊन गेली. आता तिलेच नातू हायेत. आंबा अजून उभा, खाली देऊळ, बाहीर लेकरायच्या नवसाचे लाकडी पायने टांगलेले. पुजारी देवाच्या शेंदरातली खोलगट खूण दाखवून सांगे, "हा देवाचा अंगठा हाय, आजीबाई. वाकडा हाय, पण लय जागृत! लेकराचा खोकला जाते. माथा टेकव, पण हात लावू नोको, देव बाटते."

म्या अंगठा पदरात लपवला अन् माथा टेकवला.

चंद्री म्हणे, "माय, हासून कायले रायली वं?"

म्या म्हटलं, "हासत नाई. खोकला आला."