पाण्यावरचे अकरा दिवस

लोक लग्नाला जाऊन आले की एखाददुसरा किस्सा आणतात. आम्ही क्रूझवरून पोतंभर आणले. बोटीवर दिवसच्या दिवस काही काम नसतं, मग माणसं एकमेकांना दिसायला लागतात. रोह्याला आमच्या बिल्डिंगमध्ये हल्ली हे किस्से तिखटमीठ लावून फिरतायत, म्हणून जसे घडले तसे सांगते.

आम्ही तीन जोडपी, सगळी साठीपुढची. मी आणि आमचे हे, खालच्या मजल्यावरचे म्हात्रेभाऊ आणि सुरेखा, समोरचे हमीदभाई आणि शमीम. सिंगापूरहून ऑस्ट्रेलिया, अठरा दिवस. त्यातले अकरा नुसत्या पाण्याचे.

*

पहिल्याच सकाळी केबिनच्या दाराखालून एक कागद आत सरकला. म्हात्रेभाऊ कंपनीत सुपरवायझर होते. त्यांनी आमच्या सुट्टीचं टाइमटेबल केलं होतं. ए शिफ्ट, डेकवर चालणे. बी शिफ्ट, पत्ते. सी शिफ्ट, सामुदायिक गप्पा.

तिसऱ्या दिवशी आम्ही गप्पांना पंधरा मिनिटं उशिरा पोचलो, तर त्यांनी आम्हाला कारण विचारलं.

सुरेखा विणता विणता मान वर न करता म्हणाली, "हे कंपनीतनं रिटायर झाले, पण कंपनी काय यांच्यातनं रिटायर होत नाय."

*

दुसऱ्याचं कशाला, घरचंच सांगते. बोट पूर्वेला जाईल तशी घड्याळं पुढे करायची असतात. आमच्या ह्यांनी जाहीर केलं की ते एका बोटीसाठी घड्याळ बदलणार नाहीत. बीपीची गोळी आणि नाश्ता, दोन्ही रोह्याच्या आठ वाजताच.

झालं असं की आम्ही जेवायला बसायचो तेव्हा हे नाश्त्याला उगवायचे. वेटरने दोन दिवस सांभाळून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की नाश्ता केव्हाच बंद झाला. ह्यांनी मनगट त्याच्या नाकासमोर धरलं आणि आपल्या इंग्रजीत बजावलं की आमच्या गावात आत्ता आठ वाजलेत.

तो अदबीने म्हणाला, "मग सर, नाश्ताही तुमच्या गावातच आहे."

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, मला हे उत्तर कधी सुचलं नव्हतं.

*

म्हात्रेभाऊ मूळचे पेणचे, त्यामुळे बॅगेत कपड्यांपेक्षा पोह्याचे पापड जास्त. एका रात्री त्यांनी ते स्वयंपाकघरात तळायला पाठवले. पापड आले ते चकचकीत झाकणाखाली, बाजूला सॉसचे ठिपके. शेजारच्या टेबलावरचे गोरे बघतायत म्हटल्यावर भाऊंनी पापडाला काटा-सुरी लावली. तुकडा उडाला तो थेट एका म्हाताऱ्या मडमेच्या सूपमध्ये.

भाऊ माफी मागायला उठेपर्यंत तिने तो खाल्ला होता. सूपचाच भाग समजून तिने वेटरकडे अजून मागितला.

*

रोज दुपारी कॅप्टन स्पीकरवरून सांगायचा, बोट कुठे आहे, खाली पाणी किती खोल आहे. भाऊ ते डायरीत उतरवून घ्यायचे. एके दिवशी खोली पाच हजार मीटर निघाली. जेवणाच्या टेबलावर भाऊंनी तो आकडा तीनदा सांगितला, जणू तेवढं त्यांनी स्वतः खणलं होतं.

हमीदभाई माशाचे काटे काढत होते. म्हणाले, "भाऊ, बुडायला दोन पुरतात."

भाऊंचं जेवण तिथेच संपलं.

*

हमीदभाईंची तीस वर्षं मालवाहू जहाजांवर गेली. आम्हाला वाटलं होतं, समुद्र दाखवतील ते हेच. पण दहा दिवसांत ते एकदाही डेकवर आले नाहीत. आतल्या हॉलमध्ये बसून वाचलेलंच मासिक पुन्हा वाचायचे. आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल केली. खलाशी की कारकून, असं भाऊ म्हणाले. पाण्याला भितात, असं मी म्हणाले, आणि ते शमीमने ऐकलं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी ती त्यांना हाताला धरून डेकवर घेऊन आली. ते समुद्राकडे पाठ करूनच खुर्चीत बसले, ती बाजूच्या खुर्चीत. मी शेजारच्या खुर्चीत तोंडावर टोपी ठेवून पडले होते. झोपले नव्हते, टोपीच्या कडेखालून सगळं दिसत होतं.

सूर्य पाण्याला टेकला होता. शमीम त्यांना त्यांच्याच जुन्या पत्रांतलं सांगायला लागली. समुद्र सोन्याचा झालाय, असल्या वेळी तुझी आठवण येते, असं ते दर पत्रात लिहायचे. मुलं लहान होती तेव्हा ती पत्रं तिने त्यांना इतकी वाचून दाखवली की तिला पाठ झाली होती.

"इतकं लिहायचात," ती म्हणाली. "मग आता बघायला का येत नाय?"

हमीदभाईंनी आधी मासिकाची घडी केली. मग सांगायला लागले. त्यांची ड्यूटी इंजिनरूममध्ये, पार तळाला. ड्यूटी संपली की अंग टाकायचं. वर जायचं त्राण नसायचं, पुढे पुढे मनही होईना.

"खाली खिडकी नसते गो," ते म्हणाले.

"मग ते सगळं लिहिलंत कसं?"

"जेवायच्या खोलीत कॅलेंडर होतं. दर महिन्याला नवीन चित्र."

शमीम उठली. मला वाटलं, आता निघून जाते. तिने त्यांची खुर्ची दोन्ही हातांनी धरून समुद्राकडे वळवली, आणि आपली त्यांच्याकडे.