खुंटीला हात लावायचा नाही

पावसाळ्यात आमच्या गाण्याच्या क्लासात दोन गोष्टी पुसाव्या तेवढ्या परत येतात: बुरशी आणि किस्से. क्लास सदाशिव पेठेत, मालक-गुरुजी-सर्वेसर्वा अप्पा. नियम एकच. तंबोरा लावायचा तो अप्पांनीच. मुलींनी मागे बसून तारा छेडायच्या, खुंटीला हात लावायचा नाही.

मी प्रज्ञा, फिजिक्सची पदवीधर. अप्पांच्या मते, चार बुकं जास्त शिकलेली.

*

मी भिंतीवर हवेतला दमटपणा मोजणारं मीटर लावलं. काटा पार टोकाला गेलेला. अप्पांना म्हटलं, लाकूड ही ओल पितं, फुगतं, वाद्यं खिडकीपासून हलवूया.

अप्पांनी चष्मा वर करून मीटर न्याहाळलं. "कोणत्या घराण्याचं हे?"

दुसऱ्या दिवशी मीटरचं तोंड भिंतीकडे होतं.

*

मग पेटी फुगली. एक काळी पट्टी दाबली की वर येईना, सूर आपला चालूच. पेटी शिकवणारे नानाकाका मला म्हणाले, तुझं बोट जड आहे. मी दोन्ही हात वर केले. सूर चालूच.

"आता कुणाचं बोट आहे, काका?"

"सवय लावून ठेवलीस तिला!"

*

खिडकीतल्या जुन्या तंबोऱ्याची खुंटी भोकात फुगून घट्ट बसली. थोडे दिवस कोरड्या जागी ठेवा, आपोआप सुटेल, असं मी सांगत होते. अप्पांनी स्कूटरच्या डिकीतून पक्कड आणली. अर्धी खुंटी पक्कडीत आली, अर्धी आत राहिली.

"लाकडातच दम नाही," अप्पा म्हणाले.

मी तो तंबोरा मागितला. "ने. जळणाला होईल."

हडपसरच्या कारागिराकडे नेताना बसमध्ये लोकांनी त्याला माझ्याआधी जागा दिली. कारागिराकडून नवी खुंटी बसवून घेतली. आईच्या साड्या काढून कपाटात त्याला उभा केला, शेजारी बुटांच्या खोक्यांतल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. आई म्हणाली, जावयाचेसुद्धा कुणी एवढे लाड करत नाही. मला मात्र एकच हवं होतं: वार्षिक कार्यक्रमात हाच तंबोरा, मी लावलेला, सगळ्यांसमोर.

*

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ऊन पडलं. अप्पांनी क्लासातला चांगला तंबोरा थेट गच्चीत नेला. ओलं लाकूड एकदम तापवू नका, असं मी दोनदा सांगितलं. आम्ही चहा पीत असताना वरून 'टाच्' असा आवाज आला.

"मोकळं होतंय लाकूड," अप्पा म्हणाले.

भोपळ्यावरची तबली, म्हणजे पुढची लाकडी फळी, उभी चिरली होती.

*

त्यामुळे कार्यक्रमाला माझा तंबोरा आला. लावला मी, मागे वाजवायलाही मीच. पहिलं गाणं संपलं तरी मी तारा छेडतच होते. पाहुण्या गायिकेने माइकवर विचारलं, अशा दमट हवेत हा इतका सुरात कसा?

अप्पांनी माइक घेतला. "आमच्याकडे शिस्त आहे. वाद्यांची काळजी मी स्वतः घेतो."

मी तारांवर हात ठेवला. सूर थांबला.

अप्पांनी मागे वळून पाहिलं. "वाजव."

"खरं सांगा, वाजवते."

गायिका पुढचं गाणं सुरू करेना. लोक माना उंच करून बघू लागले. अप्पा माझ्याकडे झुकले आणि पुटपुटले, "बरं. तू जपलास. लावलासही तूच."

मी हात तसाच ठेवला.

"माइकमध्ये, अप्पा."