पंचवीसच्या आत

फर्निचरच्या गोदामात त्याला सगळे 'क्रेन' म्हणत. आडवा बांधा, मान असून नसल्यासारखी. तीनदारी कपाट पाठीवर घेऊन चार मजले चढला, तरी पाणी मागायच्या आधी "कुठे ठेवू?" असं विचारणारा गडी. घरी बायकोचे पाय आजारात गेले होते. रोज संध्याकाळी तो तिला पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचा. "सांभाळून हं, मी कपाट नाही," ती म्हणायची. "कपाट गप्प तरी बसतं," हा म्हणायचा. तिचं बाहेरचं जग म्हणजे ती खिडकी.

मग कंपनीत नियम आला. उंचीच्या वर्गाने वजनाला भागायचं, आकडा पंचवीसच्या आत हवा, नाहीतर घरी बसा. क्रेनचा आला एकतीस. साहेब म्हणाले, "तुम्ही लठ्ठ आहात." साठीला टेकलेला हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आरशासमोर पोट आत घेऊन उभा राहिला.

नोकरी गेली तर बायकोची औषधं कुठून आणायची? त्याने खाणं जवळजवळ टाकलंच. "अहो, ताटात काही वाढलंय की नुसतंच ताट घेऊन बसलात?" बायको हटकायची, तो हसण्यावारी न्यायचा. महिने गेले. शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखे दिसू लागले. तिला उचलताना तो आता पलंगावर गुडघा टेकवायचा आणि "फरशी गुळगुळीत झालीय" म्हणायचा.

शेवटी आकडा चोवीसवर आला. साहेबांनी पाठ थोपटली. तपासणीच्या नर्सबाईंनी मात्र त्याचा दंड चाचपून पाहिला.

"काका, हे काय करून घेतलंत? या आकड्याला फक्त वजन आणि उंची कळते. वजन चरबीचं की स्नायूंचं, ते त्याला दिसत नाही. तुमचा कंबरेचा घेर, रक्त, ताकद, सगळं बघायला हवं होतं. या वयात असं उपाशी राहिलं की स्नायूही झडतात."

"परत येतील ना?"

"थोडेफार. आधी नीट जेवा."

आकड्याचं काय, भागाकार झाला की तो मोकळा. भोगायचं माणसाने.

संध्याकाळी त्याने नेहमीसारखे तिच्या पाठीखाली आणि गुडघ्यांखाली हात घातले. ती वीतभर वर आली आणि पुन्हा गादीवर टेकली. त्याने दम घेतला, परत जोर लावला. हात लटलट कापायला लागले. तिने ते पाहिलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "आज बाहेर बघण्यासारखं काही नसेल."

तो तिच्या पायाशी बसला आणि तोंड झाकून रडला. तिने त्याला रडू दिलं. मग तो उठला, एकटाच खिडकीपाशी गेला, आणि रस्त्यावरून कोण कोण चाललंय ते तिला सांगू लागला.