कात्रणातलं गाणं

"थांब, निसटायलंय!" असं ओरडून आमचे ग्रंथपाल मोबाईलवर अंगठा दाबत. जोर असा, जणू खाली साप सापडलाय!

झरीच्या वाचनालयात ते पूर्वी वर्तमानपत्रांची कात्रणं पुठ्ठ्यावर चिकटवत. पुढं गावच्या बातम्या पेपरात येईनात, लोकांच्या स्टेटसवर येऊ लागल्या. बारशी, बैलांची आजारपणं, भावकीतले टोमणे. आज दिसलं ते उद्या गायब. मग यांनी स्टेटसचीच कात्रणं सुरू केली. अंगठ्यानं थांबवायचं, फोटो घ्यायचा, छापून चिकटवायचं. आधी ज्याचं त्याला विचारून, बरं का! एका जावयानं सासऱ्याला मारलेला टोमणा मागायला हे थेट त्याच्या घरी. दारात नेमका सासरा.

"जावईबापूंचं साहित्य न्यायला आलोय," हे म्हणाले. सोबत गेलेला मी रस्त्यातच पोट धरून हसत बसलो.

त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, रोज सकाळी थेट स्टेटसवर एक भूपाळी गात. फोनमध्ये मागं काही उरत नसे. तिचंही कात्रण होई. पण अंगठा दाबला की चित्रासोबत गाणंही थांबतं. पुठ्ठ्यावर नुसत्या तोंड उघडलेल्या वहिनी.

"भाऊजी, माझी जांभई चिकटवायलेत बघा," त्या म्हणाल्या.

"सर, यात आवाज कुठाय?" मीही डिवचलं.

"आवाज घरात हाय की! तू गप, नाटक्या."

एका हिवाळ्यात वहिनी अचानक गेल्या.

तेरावं झाल्यावर ते दारोदार फिरले. "हिचं गाणं कुणाकडं हाय का?" ऐकलं सगळ्यांनी होतं, ठेवलं कुणीच नव्हतं. शेजारच्या बाईंनी आठवून एक ओळ म्हटली. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"न्हाई. इथं ती श्वास घ्यायची," एवढंच म्हणाले.

मग वहिनींचा तो पुठ्ठा त्यांनी आपल्या टेबलासमोर टांगला. वाचनालय बंद करताना त्यावर अंगठा ठेवत, क्षणभर थांबत आणि उचलत.

त्यांना हसवावं म्हणून मी बोललो, "सर, कागद हाय तो. निसटून कुठं जायलाय?"

"थांबवायलो न्हाई रे," ते म्हणाले. "अंगठा उचलला की गाणं पुढं सुरू होतंय ना? ते बघायलोय."

मी दिवा मालवून दाराला कडी लावली.

गेल्या उन्हाळ्यात तेही गेले. पुठ्ठा अजून तिथंच आहे. कधी गेलात तर बघा, एका कोपऱ्यातला रंग अंगठ्याएवढा उडालाय. वहिनींचं तोंड तसंच उघडं आहे, पुढच्या ओळीसाठी.