फ्लेक्सवर रिटायर झालेले मामा

आधी कप खाली ठेवा. नाही, ठेवाच! मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा एकाचा चहा नाकातून बाहेर आला होता. आणि हसायचं तर खुशाल हसा. मी आता लाजायच्या पलीकडे गेलोय.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. नारायणगाव अगदी जवळ. आमचे शिपाई म्हणजे बबनमामा. शाळा कोण चालवतं असं विचारलं तर हेडसर म्हणतील मी, संस्थेचे लोक म्हणतील आम्ही. सगळं झूट! शाळा मामा चालवतात. घंटा त्यांची, पाण्याची मोटर त्यांची. मुतारीत साप निघाला तर पोरं सरांना नाही, मामांना हाक मारतात. थंडीत लवकर अंधारून येतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, त्यात बिबट्या. मग पोरींना फाट्यापर्यंत काठी घेऊन सोडायला कोण? मामाच.

तर या माणसाचा एकदा सत्कार झाला पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं. हेडसरही लगेच हो म्हणाले. तिथंच थांबायचं ना? पण मी वर एक शहाणपणा केला. म्हटलं, मामांना कळू द्यायचं नाही. सरप्राईज!

गुपचूप मामींकडे गेलो. मामांचा चांगलासा फोटो मागितला, नोकरीला कधी लागले ते विचारलं आणि म्हटलं, "मामी, कार्यक्रमाला या, पण मामांना काही बोलू नका." मामींचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, माउली भारावली!

फ्लेक्सवाल्याला फोन केला तो टोमॅटो मार्केटमधून. माझा स्वतःचा टोमॅटोचा प्लॉट आहे, तोडा चालू होता, सगळं लक्ष भावाकडे. त्या गलक्यात ओरडून सांगितलं, "शाळेच्या शिपाईमामांचा सत्कार आहे! फोटो पाठवलाय. बाकी आपलं नेहमीचं टाक आणि फाट्यावर लावून दे."

"टेन्शन घेऊ नका, सर," तो म्हणाला. घेतलं असतं तर बरं झालं असतं!

कारण आमच्याकडे शाळेतल्या माणसाचा सत्कार आयुष्यात एकदाच होतो, तो रिटायर होतो त्या दिवशी. फ्लेक्सवाल्यानं दुसरा विचारच केला नाही. वर शाळेचं नाव, मध्ये मामांचा फोटो आणि खाली हे एवढाल्या अक्षरांत, 'सेवापूर्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा!'

मी राहतो शाळेशेजारी. हेडसर येतात जुन्नरच्या बाजूनं. फाट्यावरून आम्ही दोघंही येत नाही. येतात ते मामा, सायकलवर. आपली नोकरी संपली हे त्या माणसाला सकाळी सकाळी फ्लेक्स वाचून कळलं!

तुम्ही म्हणाल, विचारायचं ना कुणाला तरी? अहो, आमच्याकडे वाढदिवस फ्लेक्सवर, निवडणूक फ्लेक्सवर, दशक्रिया फ्लेक्सवर. फ्लेक्सवर आलं म्हणजे ते झालंच! त्यात शिपायांच्या जागी कंत्राटी माणसं येणार, अशी कुजबुज होतीच. मामांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, पगार थांबला तर ते उरकायचं कसं? पण माणूस एका शब्दानं बोलला नाही. वेळेवर घंटा दिली आणि हॉलमध्ये येऊन कोपऱ्यात बसला.

तेवढ्यात मामींच्या माहेराहून, निमगाव सावाहून, एक जीप आली. मामांचे मेहुणे, साडू, सगळा गोतावळा. हातात टॉवेल-टोपी, साड्या, नारळ. निरोप समारंभाला आहेर आणायची पद्धतच आहे आपल्याकडे. मामींनी मामांना सांगितलं नव्हतं, पण माहेरी सांगू नका असं मी कुठं म्हटलं होतं? मी आपला खूश! काय हौशी पावणे आहेत, वा! मामी डोळ्याला पदर लावून बसलेल्या. मी शेजारच्या मॅडमना म्हटलं, "बघा, आनंदाश्रू!"

मॅडमही डोळे पुसत म्हणाल्या, "मामांशिवाय कसं होणार हो शाळेचं?"

मॅडम फाट्यावरून आल्या होत्या. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना!

शाल झाली, श्रीफळ झालं. मी माइकवर म्हटलं, "मामा, आज मोकळेपणानं बोला. मनात काही ठेवू नका."

हे मी म्हटलं हो! माझ्या तोंडानं!

मामा उभे राहिले. टोपी काढली, परत घातली.

"पोरांनो, लई वर्सं घंटा दिली. उंद्यापासनं दुसरं कोन तरी दिल. पोरीचं लगीन व्हईस्तवर तरी ऱ्हाऊ द्याया पायजे व्हतं. पर आसू द्या, वरूनच आलं आसंल."

मी हेडसरांकडे बघितलं. हेडसरांनी माझ्याकडे बघितलं. ते उठणार, तेवढ्यात मामांनी त्यांनाच हात जोडले.

"हेडसर, जाताना मनावर वझं नगं. मी तुमाला लई येळा खोटं बोललो. शेवटच्या तासाला तुमी इचारायचे, सर कुटं हायेत? मी म्हनायचो, प्रयोगशाळेत हायेत. सर तवा टोमॅटो मार्केटात आसायचे."

अख्खा हॉल माझ्याकडे वळला. नाव घ्यायची गरजच नव्हती. शाळेत विज्ञानाचा मास्तर एकच!

"पर मानूस वाईट न्हाई," मामांनी माझी बाजू घेतली. "मागल्या भिताडाला खिंडार हाय, तितनं गपचिप जायाचे. गाडी मीच भायेर लावून ठेवायचो. येताना माज्यासाठी भेळ आनायचे, कवा चुकले न्हाईत."

पोरांनी टाळ्या कुटायला सुरुवात केली. मी हातानं 'बास, बास' अशा खुणा करतोय, तर मामा म्हणतात, "रडू नका सर, मला बी लई वाईट वाटतंय!"

शेवटी हेडसरांनी माइक घेतला. "मामा, तुम्ही रिटायर झालात हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"फाट्याव फ्लेक्स हाय की."

"अहो, तुमची तीन वर्षं बाकी आहेत अजून! हा नुसता कौतुकाचा सत्कार आहे."

मामांनी अगदी हळू विचारलं, "म्हंजी, उंद्या घंटा द्यायला येऊ?"

"येऊ काय? यावंच लागेल!"

मामी हुंदके देऊन रडायला लागल्या आणि मामा मटकन खुर्चीत बसले. खरं सांगतो, नको त्या हौसेपायी सकाळपासून त्या माणसाच्या जिवाला मी केवढा घोर लावला होता! सरळ जाऊन पाय धरले त्यांचे. मेहुणे मात्र टॉवेल-टोपी घेऊन तसेच उभे. "मग ह्यो आहेर म्हागारी न्यायचा का काय, दाजी?"

मामा सावरले आणि परत माइककडे सरकले. "हेडसर, मग सरांचं जे बोललो ते म्हागारी घेतो."

"तुम्ही घ्या, मामा," हेडसर म्हणाले. "मी नाही घेत."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मी वर्गावर खडू घेऊन ताठ उभा. दारात मामा.

"सर, हेडसरांनी धाडलंय. तुमी हाय का बघाय."

"आहे की! सांगा, आहेत म्हणून."

मामा गेले आणि लगेच परत आले.

"हेडसर माजं मानीनात, सर. म्हनत्यात, नव्हते तवा बी हायेत म्हनत व्हता, आता हायेत कशावरनं? तवा तुमालाच घिऊन या म्हनले."

तेव्हापासून रोज शेवटच्या तासाला पुढे मामा आणि मागे मी, अशी आमची वरात सगळ्या वर्गांसमोरून हेडसरांच्या केबिनला जाते. कशाला? तर मी वर्गात असतो, हे दाखवायला. आणि तेवढा वेळ वर्गात फक्त मीच नसतो!